गुरुवारचा बाजार

दिवाळीच्या अंकासाठी खाण्यापिण्यावर काहीतरी लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा मला आधी हसूच आले. खाण्यावर लिहावे ते खाल्ल्यापिल्या गावच्या लेखकांनी. बीड जिल्ह्यातल्या माणसाकडे लोक विषय मागतात तो पावसाचा, नाहीतर ऊसतोडीचा. पण पत्र दोनदा वाचले आणि वाटले, की ज्या घरात पैसा बेताचा असतो त्या घरात खाण्याचा विचार जितका होतो, तितका कोठेच होत नसेल. श्रीमंताच्या घरी जेवण होते. आमच्या घरी आधी जेवणाचा बेत होतो, मग हिशेब होतो, मग थोडे भांडण होते, आणि मग जेवण होते.

मी केज तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढचे राहिले ते राहिलेच. गावच्या एका खाजगी, विनाअनुदानित शाळेत लहान मुलांच्या वर्गाला शिकवते, आणि रात्री घर निजले म्हणजे कादंबऱ्या लिहिते. पहिल्या कादंबरीचे मानधन म्हणून मला तिच्याच वीस प्रती मिळाल्या. त्या पाहून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "ह्या शिजतात का गं?" सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. ह्या लेखात त्या वारंवार येणार आहेत, तेव्हा वाचकांनी ओळख ठेवावी.

मला सांगायचे आहे ते २०१५ च्या दिवाळीपासून २०१६ च्या पाडव्यापर्यंतचे. ओळीने दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरविली होती. आमच्या तालुक्यात धनेगावला मांजरा नदीवरचे मोठे धरण आहे. त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या. त्याच धरणावर जगणाऱ्या लातूर शहराला पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दुष्काळ घरात कसा शिरतो हे आगगाडीच्या छायाचित्रांत दिसत नाही. तो साखळीने शिरतो. शेतात पिकले नाही म्हणून लोकांनी कपडे शिवले नाहीत. आमचे हे शिवणकाम करतात, त्यांचे यंत्र बसून राहिले. लोकांनी मुलांची फी भरली नाही म्हणून शाळेने आमचा पगार थांबविला. आणि रानात काम नाही म्हणून माझे धाकटे दीर आणि जाऊबाई मुकादमाची उचल घेऊन, दसरा होताच, खाली कारखान्याकडे ऊस तोडायला गेली. नवराबायको मिळून एक कोयता, असा त्या कामाचा हिशेब असतो. मुलांचा त्यात हिशेब नसतो. त्यांची दोन मुले, नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा, आमच्याकडे राहिली. माझी दोन, थोरला दहावीला आणि मुलगी सातवीत. आम्ही तिघे मोठी माणसे. अशी सात तोंडे, आणि आठवड्याच्या बाजाराला ३५० रुपये.

कोठीत मागल्या सालची दोन पोती ज्वारी होती. शिवाय त्या वर्षी ऑगस्टपासून मराठवाड्यातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य मिळू लागले होते, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. तेव्हा भाकरीची भ्रांत नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रश्न होता तो भाकरीबरोबर काय, हा. आमच्याकडे त्याला कोरड्यास म्हणतात. सारा संसार ह्या कोरड्यासाभोवती फिरतो.

आमचा बाजार गुरुवारचा. तोपर्यंत बाजार मी करीत असे, कारण लिहिता वाचता येणारी मी, आणि पगार आणणारीही मी. दसऱ्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी सकाळी दहालाच गेले, नेहमीप्रमाणे तुरीची डाळ मागितली, आणि दुकानदाराने भाव सांगितला २०० रुपये किलो. मी पाव किलो घेतली. कांदा घेतला, टोमॅटो घेतले, फ्लॉवर घेतला, मुलांसाठी बिस्किटांचे पुडे घेतले. घरी येऊन पिशवी ओतली तेव्हा ३१० रुपये संपले होते आणि तेल आणायचे राहिले होते. आत्याबाईंनी फ्लॉवर हातात घेऊन फिरवून पाहिला. काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी सकाळी मी पाहते तो पिशवी त्यांच्या काखेत आणि पैशाचा डबा त्यांच्या पदराखाली.

मला राग आला. खोटे कशाला सांगू? सतरा वर्षांच्या संसारात माझ्या हातून कोणी पिशवी काढून घेतली नव्हती. मी म्हटले, "आत्याबाई, हिशेब मला येतो." त्या म्हणाल्या, "तुला हिशेब येतो. मला बाजार येतो."

त्या बाजाराला गेल्या त्या दिवस कलताना. सकाळी बाजारात माल चांगला असतो, पण मिजासही त्याच्यापाशीच असते. संध्याकाळी उरलेली भाजी परत वाहून न्यायची नसते, तेव्हा वाटे मोठे होतात आणि बोली मऊ होते. त्या दिवशी त्यांनी काय आणले, ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. मनात होते की चूक काढावी. तेल १ किलो ८० रुपये, हरभऱ्याची डाळ १ किलो ७०, हुलगे १ किलो ५०, शेंगदाणे अर्धा किलो ४५, साखर १ किलो ३०, चहापूड २५, गूळ अर्धा किलो २०, मीठ १०, आणि भाजी सगळी मिळून २०. बेरीज केली, बरोबर ३५०. चूक निघाली नाही. तूर नव्हती. कांदाही नव्हता. वीस रुपयांच्या भाजीत मिरच्या, लसूण, आणि दोडक्याचा एक वाटा होता. दोडक्याची भाजी झाली आणि त्याच्या शिरांची चटणी झाली.

"तूर कुठंय?" मी विचारले.

"तुरीनं रुसून बसायचं ठरवलंय, तर बसू दे. हुलगा आहे की."

हुलगा हे आमच्याकडे हलके धान्य समजतात. पाहुण्याला हुलगा वाढीत नाहीत. पण आत्याबाईंनी त्याचे काय काय केले! भिजवून मोड आणून उसळ. उकळून त्याचे कढण. आणि दळून आणून, त्यात ज्वारीचे पीठ, लसूण, तिखट घालून वळलेले शेंगोळे. फोडणीच्या पाण्याला उकळी आली की हे वेढे त्यात सोडायचे. पाणी आपोआप दाट होते, वेगळी आमटी लागत नाही. सहा वर्षांचे ते पोर शेंगोळे बोटात घालून अंगठ्या म्हणून मिरवी आणि मग एकेक अंगठी खाई.

आणि येसर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, मिरची, खोबरे, मसाला निराळा भाजायचा, आणि सगळे एकत्र दळून डबा भरून ठेवायचा. पाण्याला लसणाची फोडणी दिली, त्यात मूठभर येसर कालवून सोडले, की सात माणसांची आमटी. ऊसतोडीला जाणारी प्रत्येक बाई बरोबर येसराचा डबा नेते. माझ्या जावेनेही नेला होता. फडावरून रात्री कोपीवर आल्यावर भाजी निवडायला वेळ नसतो आणि हातात बळही नसते. तेथे हाच डबा घरधनीण होतो. आता पुण्यात येसराच्या पुड्या मिळतात असे मुलगा सांगतो. किंमत ऐकून आत्याबाई बराच वेळ हसत होत्या.

पालेभाजी त्या वर्षी रानात नव्हतीच. करडईचा कोवळा पाला, हरभऱ्याचा पाला, चिघळ, पाथरी, हे आमचे हक्काचे. पण उगवायला ओल पाहिजे ना! आत्याबाईंनी ओल शोधून काढली. गावच्या विहिरीत टँकर रिकामा करीत, तेथे नळीतून पाणी सांडे. त्या सांडलेल्या पाण्यावर हातभर जागेत तांदुळजा उगवला होता. सगळा गाव त्या विहिरीवर घागरी घेऊन भांडत असे, आणि ह्या खाली बसून तांदुळजा खुडीत. दारातल्या शेवग्याला भांडी धुतलेले पाणी जाई. त्याच्या शेंगा तर खाल्ल्याच, पण पाल्याचीही भाजी झाली, पाला वाळवून चटणीत गेला. मी माझे शिक्षिकेचे ज्ञान पाजळून सांगितले, की ह्या पाल्यात लोह असते, चुना असतो. आणि ज्वारीत लायसिन नावाचे एक द्रव्य कमी असते ते डाळींत असते, म्हणून भाकरी आणि उसळ मिळून एकमेकींची उणीव भरून काढतात. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणूनच लावलंय ना लगीन दोघींचं," असे म्हणून त्या भाकर थापू लागल्या.

त्यांना हे सारे कोठून आले? १९७२ साली. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या आणि लग्न होऊन आल्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी खाऊन त्यांनी दिवस काढले. तिची भाकर थापताना फाटे, म्हणून कण्या करून शिजवीत. मुलांना सुकडी मिळे. त्या दिवसांविषयी त्या फारसे बोलत नाहीत. बोलल्या तर पदार्थांविषयी बोलतात, भुकेविषयी नाही. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा आमच्या शाळेत ज्वारीबाजरीच्या पदार्थांचे प्रदर्शन भरविले होते. मी आत्याबाईंना घेऊन गेले. ज्वारीचा केक पाहून त्यांनी विचारले, "ह्यो बिचारा आजारी होता का?"

पण हे सगळे झाले गमतीचे. कोणी म्हणेल, बाई, तुम्ही तर दुष्काळातही मजेत जेवलात. तसे जेवलो, हे खरे आहे. त्या वर्षीच्या दिवाळीला आम्ही ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा केला, दाणे आणि गूळ कुटून लाडू केले, डाळीच्या पिठाची शेव केली. मुलांच्या मागणीतली एक गोष्ट आपोआप टळली. मॅगीच्या शेवयांवर त्या जूनमध्ये बंदी आली होती, आणि त्या दुकानात परतल्या त्या दिवाळीच्या सुमारास. मध्यंतरी पाच महिने "आई, मॅगी" ह्या हाकेला सरकारने परस्पर उत्तर दिले होते.

आता जे सांगायचे आहे, ते मी आजवर कोठे लिहिले नाही.

आमची शेजारीण ह्यांच्याकडून कपडे शिवून घेई आणि पैशाऐवजी रोज अर्धा लिटर दूध देई. तिची एक म्हैस छावणीत गेली होती आणि एक दारात होती. त्या अर्ध्या लिटरातला कपभर चहाला जाई, आणि राहिलेले चार मुलांना घोट घोट मिळे. जानेवारी लागला. थोरल्याची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. तो रात्री जागे, पहाटे उठे, डोळे खोल गेले होते. मला त्याच्याकडे पाहवेना. मी पहाटे सर्वांच्या आधी उठू लागले आणि स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन त्याला पेलाभर दूध देऊ लागले, साखर घालून. उरलेल्या दुधात पाणी घालीत असे. तोही मुकाट्याने पिई. त्याला समजत होते. तो पेला खाली ठेवताना आवाज होऊ देत नसे.

असे पंधरा दिवस चालले. त्याच दिवसांत मी रात्री माझी दुसरी कादंबरी लिहीत होते. तिची नायिका दुष्काळात सवतीच्या मुलांना आपल्या तोंडचा घास देते. ते प्रकरण पुढे छापले गेले आणि त्यावर मला वाचकांची पुष्कळ पत्रे आली. त्या पत्रांना मी उत्तरे लिहिली नाहीत.

एका पहाटे दार करकरले. दिराची मुलगी पाणी प्यायला उठली होती. हातात तांब्या. तिने माझ्या मुलाच्या हातातला पेला पाहिला, त्याच्या ओठावरची पांढरी रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ही म्हणेल, "मोठीमाय, मला?" मी म्हणणार होते की दादाची परीक्षा आहे ना गं. वाक्य तयार होते. पण ती काहीच म्हणाली नाही. पाणी न पिता मागे सरली, आणि जाताना तिने दार हळूच ओढून घेतले, कोणाला दिसू नये म्हणून. नऊ वर्षांची मुलगी.

त्या दिवशी वर्गात मी काय शिकविले, मला आठवत नाही.

संध्याकाळी शेजारणीचे दूध आले. मी पुढे होण्याआधी आत्याबाईंनी पातेले घेतले, तापविले, कोमट झाल्यावर विरजण लावले आणि ते शिंक्यावर टांगून ठेवले. म्हणाल्या, "उद्यापासून चहा काळा. दूध चौघांत वाटलं तर घोटभर होतंय. ताक केलं तर घरादाराला पुरतंय." एवढेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मुलीने सांगितले होते, की त्यांनी स्वतः पाहिले होते, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचारण्याचे धाडस मला झालेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात ताक आले. अर्ध्या लिटरच्या दह्याचे दोन लिटर पातळ ताक. त्यात कधी ज्वारीच्या कण्या शिजल्या; कधी ज्वारीचे पीठ लावून आंबील झाली, वर जिरे आणि लसूण; कधी डाळीचे पीठ लावून कढी झाली. लोण्याचा जो गोळा निघे, तो आठवडाभर साठवून कढवीत, आणि गुरुवारी रात्री बाजार करून आल्यावर सातही ताटांत एकेक थेंब तूप पडे. माझ्याही. त्याच दिवसापासून आत्याबाईंनी आणखी एक गोष्ट केली. चारी मुलांना एका परातीत वाढू लागल्या. कण्यांचा ढीग मध्ये आणि चौघे चार बाजूंना. सातवीतली माझी मुलगी कुरकुरली, की मी आता मोठी झाले. थोरला काही बोलला नाही. मी चुलीपाशी बसून पाही. तो आपल्या बाजूचा घास हळूहळू पलीकडे सारीत असे, त्या मुलीच्या बाजूला, आणि ती बोटाने तो परत लोटीत असे.

दूध बंद झाल्यावरही तो चांगल्या गुणांनी पास झाला, हे जाता जाता सांगितले पाहिजे. पंधरा दिवसांच्या त्या पेल्यांनी त्याचे काय भले केले, ते परमेश्वराला ठाऊक.

त्या वर्षी ऊसही कमी होता, त्यामुळे कारखाने लवकर बंद झाले आणि माणसे लवकर परतली. पाडव्याच्या आधीच एका संध्याकाळी ट्रॅक्टर वेशीत थांबला. दीर वाळले होते, जाऊबाई काळवंडून गेली होती. हातांना पाचटाचे चरे. पोरगा धावत जाऊन बापाच्या पायांना बिलगला. मुलगी जरा लाजून उभी राहिली. जावेने तिला जवळ ओढले, बगलेत धरून उचलून पाहिले, आणि उचलता उचलता तिला खाली ठेवावे लागले.

"आगं बाई, जड झाली की गं ही!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "ताई, माझ्या लेकरांना पोटच्यासारखं बघितलंत."

मी मुलीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहतच नव्हती; आईच्या फाटक्या बाहीशी चाळा करीत होती. मला बोलायचे होते. खरोखरच बोलायचे होते. तोंड उघडलेही असेल.

"उभी का राहिलीस?" आत्याबाई मला म्हणाल्या. "लांबून आलीये ती. तिला ताक दे. आणि वरलं दाट दे."